एकाच बाटलीचे दोन शॅनन निर्देशांक : वनस्पतीप्लवकांच्या मोजणीविषयी सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न वाचला आणि उत्तर लिहिल्यावाचून राहवले नाही, कारण याच पेचात मी स्वतः बराच काळ अडकलो होतो. कोल्हापूर जिल्ह्यातील एका गावतळ्यातील वनस्पतीप्लवकांचे, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म शैवालांचे, नमुने तुम्ही ६० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाळ्याने घेतले, फॉर्मेलिनमध्ये ठेवले आणि एकाच बाटलीचे दोन भाग दोन ठिकाणी तपासायला दिले. एकीकडून शॅनन निर्देशांक (जाती किती आणि त्यांचे प्रमाण किती समतोल, यावरून काढलेला विविधतेचा आकडा) २.१ आला, दुसरीकडून ३.०. तुमच्या मार्गदर्शकांच्या मते पहिला आकडा मध्यम प्रदूषण दाखवतो आणि दुसरा स्वच्छ पाणी, तळे मात्र उन्हाळाभर हिरवेगार असते. यांतले खरे काय, आणि हे सगळे सोडून डीएनए तपासणी करावी का, असे तुम्ही विचारले आहे.

माझ्या अंदाजाने दोन्ही आकडे एकच आहेत. शॅननचे सूत्र नैसर्गिक लॉगरिदमने (पाया सुमारे २.७१८) सोडवले तर एक उत्तर येते आणि दोन या पायाचे लॉगरिदम घेतले तर त्याच्या १.४४ पट येते, २.१ ला १.४४ ने गुणून पाहा. दोन्ही अहवालांत पाया लिहिलेला नसेल, तर आधी तो विचारून घ्या. 'तीनच्या वर स्वच्छ, एक ते तीन मध्यम, एकच्या खाली अतिप्रदूषित' ही जी पट्टी आपल्याकडे सर्रास लावली जाते, ती विल्म आणि डॉरिस यांनी १९६८ मध्ये मांडली होती आणि तीही तळाच्या गाळात राहणाऱ्या अपृष्ठवंशी प्राण्यांसाठी, दोन या पायाने काढलेल्या निर्देशांकावर. वनस्पतीप्लवकांच्या, नैसर्गिक लॉगरिदमने काढलेल्या आकड्यावर ती लावण्याला मला कोणताही आधार दिसत नाही. मार्गदर्शकांशी हे नम्रपणे पण स्पष्टपणे बोला.

आता ज्या गोष्टीने माझे सर्वाधिक नुकसान केले ती सांगतो. मी ज्या प्रयोगशाळेला नमुने देत असे, तिचे नाव लिहीत नाही. तिच्या अहवालात प्रजातींची यादी असे आणि खाली निर्देशांकाचा एक आकडा. किती पाणी मोजले, किती पेशी मोजल्या, वसाहत (पेशींचा एकत्र पुंजका) एक धरली की तिच्यातील प्रत्येक पेशी, लॉगरिदमचा पाया कोणता, यांपैकी काहीही नसे. मोजणीचा मूळ तक्ता मागितला तेव्हा 'कच्च्या नोंदी ग्राहकाला दिल्या जात नाहीत' असे उत्तर मिळाले, लेखी अर्ज केल्यावर तो एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहिला, आणि अखेरीस कळले की मोजणी करणारी व्यक्ती सोडून गेली आहे आणि उरलेले नमुने जागेअभावी ओतून दिले आहेत. पावसाळ्यापूर्वीचे आणि पावसाळ्यानंतरचे पाणी पुन्हा कुठून आणायचे? ज्या नोंदीवाचून निष्कर्ष तपासता येत नाही, ती नोंद पैसे भरणाऱ्यालाच नाकारणे ही कार्यपद्धती मला आजही अक्षम्य वाटते. म्हणून प्रत्येक बाटलीचा निम्मा भाग स्वतःजवळ ठेवा, आणि नमुना देतानाच्या पत्रात मोजणीचा तक्ता मिळण्याची अट लेखी घाला. अट मान्य नसेल तर दुसरी जागा शोधलेली बरी. सगळ्याच प्रयोगशाळा अशा नसतात, हेही नमूद करतो.

जाळ्याविषयी माझे मत ठाम आहे. वनस्पतीप्लवकांपैकी पुष्कळ जातींच्या पेशी २० मायक्रॉनहून लहान असतात आणि त्या तुमच्या जाळ्यातून सरळ निघून जातात. शिवाय हिरव्या पाण्यात जाळे लवकर तुंबते, मग त्यातून नेमके किती पाणी गेले हे सांगता येत नाही. जाळे केवळ मोठ्या आणि विरळ जातींची यादी पूर्ण करण्यासाठी वापरा. मोजणीसाठी न गाळलेले पाणीच घ्या, आणि तेही केवळ पृष्ठभागावरचे नको, कारण मायक्रोसिस्टिससारखी नील-हरित शैवाले वारा नसताना वर येऊन साचतात.

फॉर्मेलिनमध्ये क्रिप्टोमोनाससारख्या कशाभिकाधारी (चाबकासारख्या तंतूंनी पोहणाऱ्या) पेशी कशाभिका टाकतात, आक्रसतात, कधी फुटतात, आणि मग त्या ओळखता येत नाहीत. लुगॉलचे आयोडीन द्रावण घाला, पाण्याला फिक्या कोऱ्या चहाचा रंग येईल इतकेच. बाटली गडद काचेची घ्या, कारण प्लॅस्टिक आयोडीन शोषते आणि उजेडात ते उडून जाते. रंग फिका पडला की पुन्हा थोडे घाला. आयोडीनने पेशींचे मूळ रंग जातात, म्हणून थोडा नमुना जिवंत ठेवून त्याच दिवशी पाहावा.

मोजणीसाठी उटरमोल पद्धत सर्वांत विश्वासार्ह आहे: नमुना कक्षात स्थिरावू द्यायचा, कक्षाच्या उंचीच्या प्रत्येक सेंटीमीटरला साधारण चार तास धरायचे, आणि उलट्या सूक्ष्मदर्शकाखाली तळ मोजायचा. असा सूक्ष्मदर्शक नसेल तर मोजपात्रात नमुना स्थिरावून वरचे पाणी हळूच काढून घ्या आणि सेजविक-राफ्टर कक्ष वापरा. मात्र तो एक मिलिमीटर खोल असल्याने त्यावर जास्त वर्धनाचे भिंग चालत नाही, आणि लहान पेशींची ओळख संशयास्पद राहते, हे प्रबंधात लिहा. लुंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये दाखवल्याप्रमाणे १०० घटक (सुट्या पेशी किंवा वसाहती) मोजले तर चूक सुमारे २० टक्के असते, ४०० मोजले तर सुमारे १० टक्के. हे गणित पेशी कक्षाच्या तळाशी बसून यादृच्छिकपणे विखुरलेल्या आहेत असे मानते, पण तसे नेहमी होत नाही. मायक्रोसिस्टिस तर वायुपुटिकांमुळे (पेशींतील वायूने भरलेल्या सूक्ष्म पोकळ्यांमुळे) आयोडीन घालूनही तरंगत राहू शकते. जाड काचेची बाटली काठोकाठ भरून बुचावर ठोका दिला की दाबाने त्या पुटिका मिटतात आणि वसाहती खाली बसतात. डोळ्यांना संरक्षक चष्मा लावूनच हे करावे.

तुमच्या तळ्याच्या बाबतीत खरा प्रश्न यापुढचा आहे. समजा दहा जातींचे प्रत्येकी दहा घटक दिसले. नैसर्गिक लॉगरिदमने निर्देशांक २.३० येतो. त्यांतली एक जात मायक्रोसिस्टिस असेल आणि तिच्या दहा वसाहतींत प्रत्येकी २०० पेशी असतील, तर पेशी मोजल्यावर तोच निर्देशांक ०.२७ पर्यंत उतरतो. पाणी तेच, जाती त्याच. हिरव्यागार तळ्याला 'विविधता चांगली' असा शेरा मिळण्याचे कारण बहुधा हेच असते. माझ्या मते पेशींच्या आकारावरून घनफळ काढून जैवआकारमानावर (प्रत्येक जातीच्या एकूण पेशी-घनफळावर) निर्देशांक काढणे सर्वांत न्याय्य आहे, कारण पाच मायक्रॉन व्यासाच्या पेशीचे घनफळ जेमतेम ६५ घनमायक्रॉन असते आणि सेरॅशियम या मोठ्या प्लवकाची एक पेशी त्याच्या शेकडो पट असते. मी सांख्यिकीचा अभ्यासक नाही, तरी एवढे सुचवतो की केवळ शॅननवर न थांबता जातींची संख्या आणि सिम्पसन निर्देशांकही (मोजक्या जातींचे वर्चस्व दाखवणारा आकडा) द्यावा.

ओळखीबाबत थोडक्यात: डायटम (सिलिकाचे कवच असलेली शैवाले) आम्लाने स्वच्छ करून कायम स्लाइड केल्याशिवाय जातीपर्यंत जाऊ नका. एच. पी. गांधी यांनी १९५८ मध्ये कोल्हापूर परिसरातील गोड्या पाण्यातील डायटमांची नोंद प्रसिद्ध केली आहे, ती अवश्य मिळवा. जुन्या ग्रंथांतील नावे तपासून घ्या. पाण्यात तरंगणारी पुष्कळशी अ‍ॅनाबिना आता डोलिकोस्पर्मम झाली आहे, आणि दोन्ही नावे यादीत राहिली तर एक जात दोनदा मोजली जाते.

डीएनए तपासणी मोजणीच्या जागी करू नये. नील-हरित शैवालांसाठी १६एस आणि इतरांसाठी १८एस अशा दोन जनुकखुणा (गट ओळखण्यासाठी वाचली जाणारी जनुके) लागतात, प्रत्येक पेशीत त्या जनुकाच्या प्रती वेगवेगळ्या संख्येने असतात, त्यामुळे मिळालेल्या डीएनए-वाचनांचा आकडा म्हणजे पेशींचा आकडा नव्हे. पण तपासणी पुढे करायची इच्छा असेल तर आयोडीन घालण्यापूर्वीच थोडे पाणी बारीक गाळणपटलातून गाळा, ते पटल बर्फात नेऊन उणे ८० अंशांच्या शीतकपाटात ठेवा, आणि गाळलेल्या पाण्याचे आकारमान पाकिटावर पेन्सिलने लिहून ठेवा.