मायक्रोग्लिया, कॅल्शियम आणि आईच्या गोळ्या

प्र. मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूतल्या रोगप्रतिकारक पेशी, कॅल्शियमवर चालतात, असं वाचलं. आई सत्तरीची आहे, हल्ली विसरते. तिच्या कॅल्शियमच्या गोळ्या वाढवू का?

नको. रक्तातलं कॅल्शियम शरीर ठरावीक पातळीवरच राखतं. गोळी वाढवली म्हणून या पेशींच्या हाती जास्त काही लागत नाही. इथे कॅल्शियम पोषणाचं नाही, इशाऱ्याचं काम करतं. पेशीच्या आत ते बाहेरच्यापेक्षा सुमारे १०,००० पट कमी असतं, म्हणून जरासं वाढलं तरी पेशीला लगेच जाणवतं. आईंचं बी-१२ आणि थायरॉइड मात्र तपासून घ्या.

प्र. इशारा देतं कोण?

बरेचदा जखमी शेजारी. चेतापेशी फुटली की तिच्यातलं एटीपी बाहेर सांडतं. शाळेत ऊर्जेसाठी पाठ केलेलं, तेच हे एटीपी! ते तुटून एडीपी होतं, आणि मायक्रोग्लियावरचा पी-टू-वाय-१२ नावाचा ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे पेशीवरचं इशारा पकडणारं प्रथिन) ते टिपतो. मग पेशीच्या आतल्या साठ्यातून कॅल्शियम सुटतं. याच ग्राहकामुळे पेशीच्या फांद्याही जखमेकडे धावतात. २००५ साली जिवंत उंदरांच्या मेंदूत लेसरने बारीकशी इजा केली, तेव्हा अर्ध्या तासाच्या आत फांद्यांनी ती जागा वेढून टाकली होती. या धावण्यात कॅल्शियमचा वाटा नेमका किती, यावर अजून वाद आहेत.

प्र. म्हणजे कॅल्शियम वाढलं की मेंदूला सूज, असंच ना?

इतकं सरळ नाही. २०२० मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी जाग्या उंदरांत हे इशारे पाहिले. एरवी पेशी जवळजवळ गप्प होत्या. फिट आणल्यावर फांद्यांमधलं कॅल्शियम उसळलं, हे अपेक्षितच. पण भूल देऊन चेतापेशी मंदावल्या, तेव्हाही ते वाढलं! गोंगाट आणि शांतता, दोन्हींची दखल घेतली जाते. तेव्हा एवढ्यावरून आजार ठरवणाऱ्या बातम्या मी तरी बाजूला ठेवतो.

प्र. अँजिओप्लास्टीनंतर क्लोपिडोग्रेल ही रक्ताची गुठळी टाळणारी गोळी चालू आहे. तेही पी-टू-वाय-१२च बंद करतं म्हणे. मेंदूला धोका?

ग्राहक तोच, पण औषधाचं लक्ष्य रक्तातल्या प्लेटलेट. त्याचं प्रभावी रूप यकृतात तयार होतं आणि रक्त-मेंदू अडसर (रक्तातले पदार्थ मेंदूत सहज जाऊ न देणारा पडदा) शाबूत असेल तर मेंदूत फारसं पोचत नाही. उलट गोळी स्वतःहून थांबवलीत, तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. बदल करायचा तर तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारूनच.