सीईटीत ९७ पर्सेंटाइल आहेत, इंजिनिअरिंगला पुण्याचं सीओईपी मिळेल का?

नुसत्या आकड्यावर कुणी सांगूच शकणार नाही रे. आधी ब्रँच सांग, कॅटेगरी सांग.

सीईटी सेलच्या (राज्याची प्रवेश परीक्षा घेणाऱ्या कार्यालयाच्या) साइटवर गेल्या वर्षीच्या कॅप राउंडच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशफेऱ्यांच्या, कटऑफची पीडीएफ आहे, ती उघड. बिचकू नकोस, पहिल्यांदा सगळ्यांनाच ती रेल्वेचं टाइमटेबल वाटते. प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर जागेचा कोड असतो. कोडचं पहिलं अक्षर 'एल' असेल तर ती मुलींसाठी राखीव जागा, 'जी' असेल तर सर्वसाधारण, मुलं-मुली दोघांसाठी. शेवटचं अक्षर त्याहून महत्त्वाचं: 'एच' म्हणजे होम युनिव्हर्सिटी (कॉलेज ज्या विद्यापीठाच्या हद्दीत, तिथूनच बारावी केलेल्यांची जागा), 'ओ' म्हणजे त्या हद्दीबाहेरच्यांची, 'एस' म्हणजे राज्यस्तर. माझ्या वेळी मी 'एच'चा रकाना बघून खूश होतो, आणि मी होतो 'ओ'मध्ये! आठवडाभर हवेत, मग धपकन खाली.

दोन-तीन वर्षांचे कटऑफ शेजारी शेजारी लिही. कंसातल्या पर्सेंटाइलबरोबर त्याच्या वरचा मेरिट नंबरही उतरव. तुझा नंबर त्याच्या बराच अलीकडे असेल तर बिनधास्त राहा, काठावर असेल तर नशीब. सीओईपी किंवा मुंबईच्या व्हीजेटीआयचं कॉम्प्युटर काठावरच्याला सहसा मिळत नाही. तिथलीच मेटलर्जी किंवा सिव्हिल बघ, खूप खाली येतं.

ऑप्शन फॉर्ममध्ये कॉलेज-ब्रँचचा क्रम आवडीनेच लाव, कटऑफ बघून नको. फक्त पहिला पर्याय विचार करून टाक. पहिल्या फेरीत तोच लागला तर पुढच्या फेऱ्या तुझ्यासाठी बंद.

आणि राखीव कॅटेगरीतला असशील तर जातपडताळणीच्या अर्जाची पावती आजच शोध.