फळ्यावरचे 'न. पै.' आणि काचेला चिकटलेला फोटो

प्रश्न : आमच्या पेठेतल्या किराणा दुकानाचा जुना कृष्णधवल फोटो घरी फ्रेममध्ये आहे. दारातल्या फळ्यावर खडूनं भाव लिहिलेत. त्यात 'किलो' आणि 'न. पै.' वाचता येतं. फोटो साधारण कधीचा? आणि तो काचेला चिकटलाय, सोडवून स्कॅन कसा करावा?
— एक वाचक, इंदापूर

उत्तर : सोडवू नका. चित्र असतं ते कागदावरच्या जिलेटिनच्या थरात. पावसाळी दमटपणात हा थर मऊ पडतो आणि काचेला धरतो. ओढलात तर दुकानदार काचेवर राहील आणि हातात कोरा कागद येईल. पाण्यात भिजवा असं कुणी ना कुणी सांगेलच, पण बुरशी लागलेला थर पाण्यात विरघळूही शकतो.

फ्रेमचे मागचे खिळे आणि पुठ्ठा काढा, फोटो-काच जोडीनंच राहू द्या. काच बाहेरून कोरड्या फडक्यानं पुसा आणि काचेची बाजू खाली करून स्कॅनरवर ठेवा. ६०० डीपीआय (दर इंचाला ६०० ठिपके), टिफ फाइल (तपशील न गमावणारा प्रकार). फोटो कृष्णधवल असला तरी स्कॅन रंगीतच घ्या, म्हणजे पिवळे डाग नंतर वेगळे काढता येतात. पातळ, स्वस्त स्कॅनरचा फोकस काचेपलीकडे पोचत नाही, चित्र धूसर येतं. तसं झालं तर खिडकीच्या बाजूच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून कॅमेऱ्यानं टिपा. कॅमेऱ्यामागे काळं कापड धरलं की काचेत तुमचंच प्रतिबिंब येत नाही.

आता साल. 'न. पै.' म्हणजे नये पैसे, रुपयाचा शंभरावा भाग. ते १ एप्रिल १९५७ला आले आणि १ जून १९६४ला त्यातला 'नये' गळाला. किलो ऑक्टोबर १९५८पासून टप्प्याटप्प्यानं आला, १९६२मध्ये सक्तीचा झाला. म्हणजे फोटो १९५८ ते १९६४मधला. सवयीनं 'न. पै.' पुढेही लिहिलं जाई, तेव्हा वर्ष-दोन वर्षांची सूट ठेवा. रंगवलेल्या पत्र्याच्या पाटीवर मी एवढा भरवसा ठेवला नसता, ती दुकानावर वीस-वीस वर्षं तशीच लटकते. खडूचा भाव मात्र बाजार हलला की पुसला जातो.

स्कॅन मोठा करून आजूबाजूच्या पाट्याही वाचा. कुठे 'महाराष्ट्र राज्य' दिसलं तर फोटो १ मे १९६० नंतरचा. पत्त्यात सहा आकडी पिन दिसला तर मात्र हा हिशेब मोडला. पिन १५ ऑगस्ट १९७२ला आला.