खाली काय आहे?

प्रिय मुली,

परवा फोनवर विचारलंस, "सर, टीव्हीवरचं ते 'टाकेशीज कॅसल' बंद करू का?" लेक सोफ्यावरून टीपॉयवर उड्या मारतो, सासूबाई म्हणतात टीव्हीच काढून टाका, नवरा म्हणतो पोरगं आहे, मारू दे. मी 'बघू' म्हणून फोन ठेवला.

माझ्याकडे इतकी वर्षं मल्लखांब केलास. खांबाला हात लावू देण्याआधी तुला काय करायला लावलं होतं? खांबाखाली गाद्या ओढायला. महिनाभर कुरकुरलीस. मग आता हा प्रश्न तुला पडतोच कसा? बंद करू की चालू ठेवू हे सोड. त्याला विचार, खाली काय आहे?

'टाकेशीज कॅसल' जपानमधलं, 1986 ते 1990 या काळातलं. आपल्याकडच्या पोरांनी ते पोगोवर जावेद जाफरीच्या हिंदी बडबडीसकट पाठ केलं. (मलाही हसू यायचं, खोटं कशाला बोलू?) तळ्यातल्या दगडांवरून माणसं धावतात, काही दगड पक्के, काही नुसते तरंगते. चुकीच्यावर पाय पडला की माणूस तोंडावर. पण खाली पाणी असतं, डोक्यावर हेल्मेट असतं. हसण्याच्या भरात पोराला ते दिसत नाही. शेजारी बसून तेवढं दाखव. तिथे खाली काय आहे? पाणी. आपल्या टीपॉयखाली? फरशी.

'सासुके' तर मुद्दाम दाखव, निंजा वॉरियर म्हणतात ते, तीही जपानचीच अडथळ्यांची शर्यत. 1997 पासून चालू आहे. शंभर जण उतरतात, चार टप्पे असतात आणि बहुतेक वेळा शेवटपर्यंत एकही पोचत नाही. 2006 साली जिंकलेला माकोतो नागानो मासेमारी करणारा होता. 'खतरों के खिलाडी' मात्र सहा वर्षांच्या पोराला नको. तिथे माणसाची घाबरगुंडी विकायला ठेवलेली असते. त्यावर मी वाद घालणार नाही.

आमच्या घरी मी टीव्हीच्या खोलीला कुलूप घातलं होतं. मुलगा शेजाऱ्यांकडे जाऊन बघायचा. एक दिवस त्याने पाण्याच्या टाकीवरून उडी टाकली, खाली वाळूचा ढीग आहे असं धरून. वाळू आदल्या दिवशीच उचलली होती. मनगट मोडलं. गावच्या पोरांना पडायला शिकवत होतो आणि घरच्याला नुसतं कुलूप दाखवलं.

पण माझंही ऐक. पहाटे एक बॅच, संध्याकाळी दोन, मधे नोकरी. कुलूप लावायला दोन मिनिटं लागतात, शेजारी बसायला अर्धा तास. तो अर्धा तास मी आणणार कुठून? कुलूप अगदीच चुकलं असं मी अजूनही म्हणत नाही. मुलगा म्हणतो. म्हणू दे. तुझ्याकडे अर्धा तास आहे, मला माहीत आहे, फोनवर दीड तास बोललीस.

रविवारी त्याला घेऊन ये. गाद्या त्याच आहेत, एक फाटलीय. आधी त्यालाच ओढायला लावणार आहे. तोवर तो टीपॉय तेवढा आतल्या खोलीत टाक.

तुझा,
सर