ब्राझीलच्या बोसा नोव्हा संगीतात ड्रमसेट वाजवताना डावा हात शेवटच्या ठोक्याला का चुकतो?

पाय ओढून नेतो म्हणून. दोन बार (तालाची दोन आवर्तनं) मिळून 1 ते 16 मोजा. उजवा हात सगळे सोळा हलके वाजवतो. बेस ड्रम (पायाने वाजणारा मोठा ढोल) 1, 4, 5, 8, 9, 12, 13, 16 वर. हाय-हॅटचा (पायाने मिटणाऱ्या झांजांच्या जोडीचा) पाय 3, 7, 11, 15 वर. डाव्या हाताची क्रॉस-स्टिक (काठी आडवी धरून स्नेअर ड्रमच्या कडेवर मारलेला ठोका) 1, 4, 7, 11, 14 वर.

आता नीट बघा. क्रॉस-स्टिकच्या पहिल्या चार ठोक्यांना कुठला ना कुठला पाय सोबत असतो. 14 ला मात्र एकही नाही, आणि बेस ड्रम नुकताच 13 वर पडलेला. हात नकळत तिथेच पडतो आणि ब्राझीलचा बोसा सोडून तुम्ही क्यूबाच्या सोन क्लावेवर (तिथल्या पाच ठोक्यांच्या तालावर) पोहोचता, कारण त्याचा शेवटचा ठोका 13 वरच असतो!

आधी फक्त 12 ते 16 हा तुकडा तोंडाने मोजत, अगदी विलंबित लयीत घोटा. सोळाही मात्रा नंतर. आणि बेस ड्रमचा आवाज हळू ठेवा हो. तो सांबातल्या सुर्दो ढोलाची आठवण आहे, पण बोसा हे रिओतलं गिटारसोबत हलक्या आवाजात गायचं संगीत. पाय जोरात पडला की सगळी नजाकत जाते.