जिना उतरणं नको, सायकल चालेल

प्रश्न : धाकट्या भावाला बेकर मस्क्युलर डिस्ट्रॉफी (स्नायू हळूहळू दुबळे करणारा आनुवंशिक आजार) आहे. वय २४, वजन ५० किलो. चालतो, पण जमिनीवरून उठताना मांडीवर हात टेकावे लागतात. जिमवाले स्क्वॉट (उठाबशा) आणि क्रिएटिन (ताकदीसाठीची पूड) सांगतात, घरचे म्हणतात नुसता आराम कर. काय करावं? – एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : नुसत्या आरामाने उरलेली ताकदही जाते. पण स्क्वॉट बंदच करा. या आजारात डिस्ट्रॉफिन हे प्रथिन अपुरं किंवा सदोष असतं, त्यामुळे स्नायूपेशीचं आवरण नाजूक होतं. स्नायू ताणला जात असतानाच जोर लावावा लागला, तर ते फाटतं. जिना उतरताना आणि स्क्वॉटमध्ये खाली बसताना नेमकं हेच होतं. एका जागी उभ्या असलेल्या सायकलवर असा ताण फारसा येत नाही. डेन्मार्कमध्ये २००८ च्या अभ्यासात बेकरच्या रुग्णांनी १२ आठवडे अर्धा-अर्धा तास सायकल चालवली. तग धरण्याची क्षमता वाढली, आणि स्नायूंची इजा दाखवणारं रक्तातलं सीपीके वाढलं नाही.

आधी ईसीजी आणि इको मात्र कराच. पाय बरे असतानाही हृदय कमजोर झालेलं असू शकतं.

सुरुवात एकाआड एक दिवस, आठवड्यातून तीनदा, १० मिनिटं, सर्वांत हलक्या रेझिस्टन्सवर. पेडल खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील इतकी सीट ठेवा. चालवताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दर आठवड्याला दोन मिनिटं वाढवत ३० वर थांबा. मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, तेव्हा पहाटेच, कूलरसमोर. दुसऱ्या दिवशी अशक्तपणा वाढला तर वेळ निम्मी करा. लघवी कोलासारखी काळपट झाली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. स्नायू फुटून मूत्रपिंडावर भार आलेला असतो.

क्रिएटिनचा थोडा फायदा चाचण्यांत दिसला आहे. डॉक्टरांना विचारून साधं मोनोहायड्रेट, किलोमागे ०.१ ग्रॅम, म्हणजे त्याला रोज ५ ग्रॅम. जिममधलं २० ग्रॅमचं 'लोडिंग' (सुरुवातीचे काही दिवस मोठा डोस) नको. स्नायू कमी असल्याने अशा रुग्णांचं क्रिएटिनिन (किडनीच्या तपासणीत मोजतात ते) मुळातच कमी असतं, त्यामुळे किडनीचा बिघाड त्यात लपतो. त्याऐवजी सिस्टॅटिन-सी ही स्नायूंवर अवलंबून नसलेली किडनीची रक्ततपासणी करून घ्या.

प्रोटीन पावडरीवर पैसे घालवू नका. घट्ट वरण, दही, अंडी, भाकरी एवढ्यात भागतं, आणि वाढलेला प्रत्येक किलो त्याच दुबळ्या पायांना उचलावा लागतो. ड जीवनसत्त्व तपासूनच घ्या. ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक, ती ठरलेले आठवडेच; महिनोन्‌महिने चालू राहिली तर रक्तातलं कॅल्शियम घातक पातळीवर जाऊ शकतं.

प्रश्न : मुलाला डुशेन (बेकरसारखाच, पण जास्त तीव्र स्नायूंचा आजार) आहे. रक्तातलं एसजीपीटी वाढल्याने लिव्हरचं टॉनिक दिलंय. चालू ठेवू? – एक आई, सक्करदरा

उत्तर : एसजीओटी, एसजीपीटी ही लिव्हरची मानली जाणारी एन्झाइम्स स्नायूंतूनही रक्तात येतात, ताई. डॉक्टरांना गॅमा-जीटी करायला सांगा; ते स्नायूंतून येत नाही. ते नॉर्मल आलं तर दोष बहुधा लिव्हरचा नाही, आणि टॉनिकची गरजही नाही.