कहाणी वाचताना अडखळते, सासरी काय सांगू?

माफी कसली मागतेस गं? लिहिण्याऐवजी व्हॉइस मेसेज पाठवलास, मी तो ऐकला, विषय संपला. इतकं मुद्देसूद बोलणारी मुलगी स्वतःला "ढ" म्हणते हे ऐकून मात्र डोकं फिरलं माझं.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. ही २८ वर्षांची, ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये अकाउंट्स बघते. लहानपणापासून वाचायला फार वेळ लागतो, मराठीच्या तासाला धडा वाचायला उभं केलं की पोटात गोळा यायचा. कॉलेजात एका बाईंनी टेस्ट करायला लावली, डिस्लेक्सिया निघाला, आणि रिपोर्ट गेला कपाटात. लग्नाला वर्ष झालं तरी नवऱ्याला पत्ता नाही. परवा श्रावणी शुक्रवारी सासूबाईंनी जिवतीच्या कहाणीचं पुस्तक हातात दिलं, ही तिसऱ्या ओळीत अडकली आणि नणंद फिस्सकन हसली. आता विचारते, पुढच्या शुक्रवारी माहेरी जाऊ का?

नको जाऊस. किती शुक्रवार पळणार?

आधी हे बघ, तुझ्या डोळ्यांचा दोष नाही आणि बुद्धीचा तर नाहीच नाही. अक्षर आणि त्याचा आवाज यांची जोडी मेंदू पटकन लावत नाही, एवढंच. त्यात आपली देवनागरी! पहिली वेलांटी लिहायची अक्षराच्या आधी आणि म्हणायची नंतर, रफार बसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर आणि उच्चारायचा त्याच्याआधी, घ आणि ध, भ आणि म एकमेकांसारखे. "कीर्ती" एवढासा शब्द, पण तुला त्यात तीन ठिकाणी थांबावं लागतं. वर पुस्तकाचा टाइप बारीक आणि चार बायका तोंडाकडे बघतायत, अडखळणारच की!

तू वाचण्यात दमत नाहीस, लपवण्यात दमतेस असं मला वाटतं. चष्मा विसरले, घसा बसलाय, तूच वाच ना, तुला छान जमतं... हे सगळं तू स्वतःच सांगितलंस मला. म्हणून पहिलं काम, तो रिपोर्ट कपाटातून काढ आणि नवऱ्यासमोर ठेव. रडत नको, कबुलीजबाब दिल्यासारखं तर मुळीच नको. "मला डिस्लेक्सिया आहे, वाचायला वेळ लागतो, घाई केली की चुकतं" बास. त्याने "असं काही नसतं, मनाचे खेळ" म्हटलं तर सांग की २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात याचं नाव आहे, माझ्या मनात नाही. आणि आइनस्टाइनलाही होता म्हणे वगैरे फॉरवर्ड दाखवत बसू नकोस, त्याला पुरावा नाही, आणि तुला कोणी शास्त्रज्ञ व्हायला सांगितलेलं नाही.

नणंदेला स्पष्टीकरण देत बसायची गरज नाही. परत हसली तर शांतपणे "मी सावकाश वाचते" म्हण आणि वाचत राहा. सासूबाईंचं वेगळं, त्या मला वाईट वाटत नाहीत, मानाने दिलं त्यांनी पुस्तक. त्यांनाच म्हण, "आई, तुम्ही सांगा ना एकदा, मी रेकॉर्ड करते." अगं, या कहाण्या पुस्तकात नंतर आल्या, त्याआधी कितीतरी बायकांना अक्षरओळख नव्हती आणि तरी "आटपाट नगर होतं" पासून "साठां उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण" पर्यंत तोंडपाठ! भाजी निवडताना, बसमध्ये ऐक, आणि शुक्रवारी पुस्तक मांडीवर असू दे नाहीतर नसू दे, तू सांग.

ऑफिसात लांबलचक मेल आला की फोनला वाचून दाखवायला लाव, मराठीतही वाचतो तो, उत्तर बोलून टाइप कर. कागदावर वाचताना ओळीखाली पट्टी धर, शक्य तिथे फॉन्ट मोठा कर. साहेबांना एवढंच सांग, मीटिंगचे कागद आदल्या दिवशी द्या. याने वेग फार वाढेल असं नाही, तो सावकाशच राहील कदाचित, पण घाम फुटायचा थांबेल.

शेवटी हळूच विचारलंस, मूल झालं तर त्यालाही होईल का? होऊ शकतं, घराण्यात चालतं हे, पण होईलच असं नाही. पहिली-दुसरीत अक्षर आणि आवाज जुळत नाहीयेत असं दिसलं तर "आळशी आहे" म्हणत वर्ष घालवू नकोस, टेस्ट करून घे. दहावीला अशा मुलांना जादा वेळ मिळतो, सर्टिफिकेट लागतं, ते आयत्या वेळी मिळत नाही. तुझ्या शाळेत हे कोणालाच माहीत नव्हतं, त्याच्या आईला माहीत असेल.